पान उलटण्याचा क्षण : चित्रपुस्तकांची पडद्यावरील रूपांतरे

मुलांच्या अभिजात चित्रपुस्तकांवरून निघालेल्या अ‍ॅनिमेशनपटांची चिकित्सा करताना बहुधा एकच कसोटी लावली जाते : पडद्यावरील चित्र मूळ चित्राशी कितपत जुळते? ही कसोटी गैरलागू नसली, तरी दुय्यम आहे. चित्रपुस्तक म्हणजे चित्रांचा नुसता संग्रह नव्हे. कोणत्या पानावर किती वेळ रेंगाळावयाचे, केव्हा मागे जावयाचे आणि पुढचे पान केव्हा उलटावयाचे, हे त्यात वाचणारे मूल ठरवीत असते. चित्रपटात हा अधिकार दिग्दर्शकाकडे जातो. या रूपांतरांचा इतिहास हा मुख्यतः त्या अधिकाराच्या हस्तांतराचा इतिहास होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मन्रो लीफ यांचे ‘द स्टोरी ऑफ फर्डिनांड’ हे पुस्तक 1936 साली, स्पेनमधील यादवी युद्धास तोंड लागल्यावर थोड्याच महिन्यांत प्रसिद्ध झाले. रॉबर्ट लॉसन यांनी त्यासाठी काळ्या शाईतील रेखाचित्रे काढली. बुचाच्या झाडाला तयार बुचे द्राक्षांच्या घोसांसारखी लटकलेली त्यांनी दाखविली आहेत. मजकूर केवळ झाडाचे नाव सांगतो. ज्याची नजर चित्रावर रेंगाळेल त्यालाच हा विनोद सापडतो. डिस्ने यांच्या संस्थेने 1938 मध्ये या कथेवर रंगीत लघुपट काढला आणि त्यास ऑस्कर पारितोषिकही मिळाले. त्यातील बैलाशी झुंजणारा मॅटाडोर म्हणजे खुद्द वॉल्ट डिस्ने यांचे व्यंगचित्र, तर त्याचे साथीदार म्हणजे तेथील चित्रकारांची व्यंगचित्रे! लघुपट मोठा गमतीदार आहे, यात शंका नाही; परंतु ही गंमत चित्रशाळेच्या घरची आहे. जेथे पुस्तक थांबते, तेथे पडदा काहीतरी भरून काढतो. 1952 साली यूपीए या संस्थेने लुडविग बेमेलमन्स यांच्या ‘मॅडलिन’वर काढलेला लघुपट मूळ रेषेच्या अधिक जवळ गेला, हे खरे, पण काळाचा प्रश्न त्याने सोडविला नाही.

तो प्रश्न प्रथम गांभीर्याने हाताळला मॉर्टन शिंडेल यांनी. त्यांनी 1953 साली अमेरिकेतील कनेटिकट राज्यात वेस्टन वुड्स ही संस्था स्थापन केली. शाळा व ग्रंथालये हे तिचे मुख्य ग्राहक. शिंडेल यांची रीत अगदी साधी होती. चित्र हलवावयाचे नाही. पुस्तकातील मूळ चित्रावरून कॅमेराच संथपणे फिरवावयाचा. रॉबर्ट मॅक्लॉस्की यांच्या ‘मेक वे फॉर डकलिंग्ज’ या 1941 च्या पुस्तकावरील लघुपट याच रीतीने 1955 मध्ये तयार झाला. याला अ‍ॅनिमेशन म्हणावे की नाही, हा वाद निष्फळ आहे. महत्त्वाचे हे की, चित्र पाहणाऱ्या मुलाची दृष्टी जशी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकते, तशी ती येथे कॅमेऱ्यास दिली गेली. मात्र ती एकाच मुलाची दृष्टी होती. वर्गातील इतर सर्वांनी तिच्यामागून जावयाचे.

पुढे याच संस्थेसाठी जीन डाइच काम करू लागले. हे अमेरिकन दिग्दर्शक 1959 साली दहा दिवसांच्या बोलीवर प्रागला गेले आणि 2020 मध्ये तेथेच निधन पावले. मॉरिस सेंडाक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या 1963 च्या पुस्तकाचे त्यांनी केलेले रूपांतर 1973 सालचे. या पुस्तकाची रचना रूपांतरकारास जवळजवळ आव्हानच देते. आरंभी चित्र लहान असते व त्याभोवती पांढरी जागा मोठी; मॅक्सचा संताप वाढत जातो तसतसे चित्र वाढत जाते; आणि धिंगाण्याच्या वेळी सलग तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही. नंतर चित्र पुन्हा आकसते. अखेरच्या पानावर तर चित्रच नाही, केवळ पाच शब्द. म्हणजे येथे कथा पानाच्या मापानेच सांगितलेली आहे. पडद्याची चौकट मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकाच मापाची असते. डाइच यांनी ध्वनीचा आश्रय घेतला तो या दृष्टीने मला अर्थपूर्ण वाटतो : नेहमीच्या वाद्यसंगीताऐवजी मुद्रित ध्वनींचे तुकडे जुळवून त्यांनी एक विचित्र ध्वनिपट रचला. पान जे काम आकाराने करीत होते, ते त्यांनी आवाजाकडे सोपविले.

रेमंड ब्रिग्ज यांच्या ‘द स्नोमॅन’ची गोष्ट निराळी. 1978 च्या या पुस्तकात शब्द मुळीच नाहीत. त्यावरील चित्रपट 26 डिसेंबर 1982 रोजी ब्रिटनमधील चॅनल फोर या वाहिनीवर दाखविला गेला. ही वाहिनी सुरू होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. दिग्दर्शिका डायॅन जॅक्सन यांनी ब्रिग्ज यांच्या रंगीत पेन्सिलीचा खरखरीत पोत जपला. साम्याच्या कसोटीवर हे रूपांतर पूर्ण गुण मिळवील. तरीही पुस्तकात नाताळ नाही, सांताक्लॉज नाही, उत्तर ध्रुव नाही. चित्रपटात ते सारे आले. आणि सांताक्लॉजने दिलेला गळपट्टा सकाळी मुलाच्या खिशात सापडतो. पुस्तकातील मुलाच्या हाती असे काही लागत नाही. वितळलेल्या बर्फापुढे तो उभा असतो आणि पुढचे पान नसते. गळपट्टा हा त्या अखेरच्या पानावर घातलेला उतारा आहे. तो सुंदर आहे, आणि अनेक कुटुंबांना हवासा वाटला; परंतु मृत्यूची पहिली ओळख करून देणारे पुस्तक त्यामुळे सणाची कथा बनले.

सेंडाक यांच्या कथेवरील लघुपटाचा पुढील वृत्तांत या संदर्भात विशेष उद्‌बोधक आहे. 1988 मध्ये त्यास पीटर शिकेली यांचे नवे संगीत व निवेदन देण्यात आले. म्हणजे साम्याची कसोटी ज्या चित्रांना लावावयाची, ती तीच राहिली. तरी ज्यांनी दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहिल्या आहेत, त्यांना ते दोन वेगळे चित्रपट वाटतात. पहिल्यातील जंगल भीतिदायक आहे, दुसऱ्यातील खेळकर. यापैकी मूळ पुस्तकाच्या अधिक जवळचे कोणते, हे चित्रे शेजारी शेजारी ठेवून ठरविता येणार नाही. त्यासाठी शब्दहीन अशी ती तीन जोडपाने हाती घेऊन, मूल ती किती वेगाने उलटते, हेच पाहावे लागेल.