तेलही गेले, टर्बोही गेला, हाती राहिला पाना

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, सनावळ्या असतात, तेल नसते. पानिपतच्या तोफांविषयी आम्ही शाळेत पानेच्या पाने पाठ केली, पण त्या तोफांच्या गाड्यांना वंगण कोण घालत होते, हे कुठल्याही मास्तरांनी विचारले नाही. परीक्षेला येत नाही ना! वास्तविक ज्या दिवशी माणसाने चाक शोधले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते कुरकुरले असणार आणि तिसऱ्या दिवशी घरातून आवाज आला असणार, "अहो, जरा तेल घाला त्याला!" तेव्हापासून मानवजातीचे दोन तट पडले आहेत. एक तेल घालणारे आणि दुसरे 'रविवारी बघू' म्हणणारे.

आमच्या घरी सात माणसांची एक टर्बो डिझेल गाडी आहे. गाडी आमची, कर्ज बँकेचे आणि चिंता माझी, अशी तिची मालकी तिघांत वाटलेली आहे. तिचे ऑइल घरच्या घरी बदलायचे, असा बेत मी आखला आहे. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि पेशाने बँकेतला कारकून. कर्जाचा अर्ज समोर आला की आधी अर्जदाराचा मागचा इतिहास काढायचा, ही हाडीमाशी खिळलेली सवय. ऑइलच्या बाबतीतही मी तेच केले. आठ दिवस मी वाचतोच आहे हे पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्हाला नट सोडवायचाय की पीएच.डी. करायचीय?"

पण इतिहास वाचल्याचा फायदा झाला. ऑइल बदलण्याचा इतिहास म्हणजे विसरण्याची मुदत वाढवत नेण्याचा इतिहास, हे लक्षात आले.

आता बघा, आपल्या बैलगाडीच्या आसाला एरंडेल लागायचे. विसरण्याची सोयच नव्हती. वंगण संपले की गाडी वेशीपासून घरापर्यंत अशी कण्हत यायची की गाडीवानाआधी सासुरवाडीला वर्दी पोचावी. पुढे आगगाडी आली आणि तेल घालायला स्वतंत्र माणूस आला. इंजिन ठरावीक अंतरावर थांबवायचे, त्याने खाली उतरून सांध्यासांध्याला तेल पाजायचे, मग पुढे निघायचे. अमेरिकेत मिशिगन सेंट्रल रेल्वेवर इलायजा मॅकॉय नावाचा एक गृहस्थ हे काम करी. त्याचे आईवडील केंटकीच्या गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेलेले. त्याने स्कॉटलंडमध्ये इंजिनियरिंगचे शिक्षण घेतले, पण परत आल्यावर कातडीच्या रंगामुळे वाट्याला आले ते कोळसा ओतणे आणि तेल घालणे. दुसरा असता तर नशिबाला बोल लावत बसला असता. मॅकॉयने १८७२ साली चालत्या इंजिनाला आपोआप तेल पाजणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. तेल घालण्यासाठी गाडी थांबवायचे कारण उरले नाही. विसरण्याची मुदत इथे पहिल्यांदा वाढली, आणि ती वाढवली तेल घालणाऱ्यानेच.

या इतिहासात डॉक्टरही आहेत. जॉन एलिस नावाचे एक अमेरिकन डॉक्टर खनिज तेलाचा औषधाला काही उपयोग होतो का, ते पाहत होते. रोग्यांना गुण आला नाही, पण वाफेच्या इंजिनांच्या झडपांना आला. १८६६ साली डॉक्टरांनी तेलाची कंपनी काढली. तीच पुढे 'व्हॅल्व्होलिन' झाली. उलट आपले एरंडेल मुळात औषध, ते इंजिनात गेले. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या इंजिनांत वंगण म्हणून एरंडेल असे. ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, हा त्याचा गुण. ही इंजिने गरगर फिरत आणि एरंडेलाचा फवारा मागे बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर उडवत. एरंडेल पोटात गेले की काय होते, हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. शत्रूपेक्षा घाई दुसऱ्याच गोष्टीची असे, म्हणतात! 'कॅस्ट्रॉल' या नावातले 'कॅस्टर' म्हणजे आपले हेच एरंडेल. लहानपणी आजीने नाक दाबून जे पाजले, त्याच्या नावाने इंग्रजांनी कंपनी चालवली.

मग फोर्डसाहेबांची 'मॉडेल टी' आली. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी मोटारी तयार झाल्या. तिला ना ऑइलचा पंप, ना ऑइल मोजायची पट्टी. इंजिनाखाली दोन छोट्या तोट्या असत. मालकाने जमिनीवर आडवे होऊन खाली शिरायचे आणि वरची तोटी उघडायची. तेल आले तर भरपूर आहे. नाही आले तर खालची उघडायची. तीही कोरडी निघाली तर देवाचे नाव घ्यायचे. म्हणजे घरच्या घरी ऑइल बघणे हा त्या काळी छंद नव्हता, गाडी बाळगण्याची अटच होती. तेल बदलायचेही काही शे मैलांना. आजचा माणूस तेवढ्या अंतरात नवीन गाडीच्या सीटवरचे प्लॅस्टिकसुद्धा काढत नाही!

त्यानंतर मुदत भराभर वाढली. १९२३ च्या सुमारास अर्नेस्ट स्वीटलंडने मोटारीसाठी ऑइल फिल्टर आणला. नाव 'प्युरोलेटर', म्हणजे 'शुद्ध तेल नंतर'. पुढे हाताने फिरवून बसवायचा डबीसारखा फिल्टर निघाला. उन्हाळ्यात पातळ होणारे आणि थंडीत आळसावणारे तेल जाऊन दोन्ही ऋतूंत एकसारखे वागणारे तेल आले. डब्यावरच्या '५डब्ल्यू-३०' मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. वजनाशी त्याचा संबंध नाही, ही माहिती लग्नाच्या पंगतीत सांगितली तर बाजूचा माणूस आपल्याला जाणकार समजतो. १९७४ मध्ये 'मोबिल वन' हे कृत्रिम ऑइल अमेरिकेत बाजारात आले. पाचशे मैलांचे तीन हजार झाले आणि आज आपल्याकडे बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेले असते. इतकी लांब मुदत मिळाल्यावर माणसाने काय केले? ठेवीदार करतो तेच. पावती कपाटात टाकली आणि विसरला.

नेमका याच वेळी टर्बो घरात शिरला.

टर्बोचा जनक आल्फ्रेड ब्युखी, स्वित्झर्लंडचा. माझ्या मते हा मनुष्य चुकून इंजिनियर झाला, खरा तो हिशेबनीस. इंजिनात जाळलेल्या इंधनातला केवढा तरी भाग नळकांड्यातून धूर होऊन फुकट जातो, हे त्याला सहन होईना. त्या वाया जाणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवून त्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची, ही युक्ती त्याने काढली आणि १९०५ मध्ये पेटंट घेतले. खर्चाच्या खात्यातून जमा काढणारा असा माणूस आमच्या बँकेत असता तर दोनदा बढती मिळाली असती. ब्युखीला मात्र वीस वर्षे थांबावे लागले. १९२६ च्या सुमारास जर्मनीच्या दोन प्रवासी जहाजांवर टर्बो बसले आणि १७५० अश्वशक्तीची इंजिने २५०० ची झाली. त्याआधी १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे इंजिन पाइक्स पीक या १४ हजार फुटांवरच्या शिखरावर नेले होते आणि विरळ हवेतही टर्बो इंजिनाला पुरेसा श्वास देतो, हे दाखवले होते.

घरगुती मोटारीत टर्बो आला १९६२ साली, आणि पहिल्याच वर्षी मनुष्यस्वभावाशी त्याची गाठ पडली. ओल्ड्समोबिल कंपनीच्या 'जेटफायर' मोटारीत टर्बोचा ताप आवरण्यासाठी एका बाटलीतून 'टर्बो रॉकेट फ्लुइड' जात असे. एवढे भारदस्त नाव, आत मुख्यतः पाणी आणि मिथाइल अल्कोहोल. मालकाने एकच करायचे : बाटली संपली की भरायची. लोक भरीनात! बाटली रिकामी झाली की गाडी आपली शक्ती आपणच आवरून घ्यायची, आणि मालक म्हणायचे, "गाडीत दम नाही." दोन वर्षांत जेमतेम साडेनऊ हजार गाड्या निघाल्या आणि १९६५ मध्ये कंपनीने टर्बो फुकट काढून साधे कार्ब्युरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली. यंत्र नापास झाले नव्हते. बाटली नापास झाली होती.

पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या साब कंपनीने आणि डिझेलमध्ये मर्सिडीजने टर्बोचा नीट संसार थाटला. आपल्याकडे १९९८ मध्ये पुण्याच्या टाटांची 'सफारी' आली आणि २००२ मध्ये महिंद्रांची, नाशकात तयार होणारी 'स्कॉर्पिओ'. २००७ च्या डिझेल 'स्विफ्ट'नंतर तर टर्बो गल्लीबोळात पोचला. तिचे फियाटच्या घराण्यातले १३०० सी.सी.चे इंजिन इतक्या गाड्यांत बसले की लोक त्याला थट्टेने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणू लागले. मारुतीने २०२० मध्ये डिझेल मोटारी बंद केल्या, पण टर्बो राहिला. तो आता लहान पेट्रोल गाड्यांतही असतो.

या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. एका टोकाला शेकडो अंश तापलेला धूर, दुसऱ्या टोकाला थंड हवा आणि मध्ये त्याला तोलून धरणारा केसाहून पातळ असा तेलाचा थर. बस्स! लाखाची उलाढाल एका पातळ सहीवर चालावी तसा प्रकार. तेच तेल दांड्याला गारही ठेवते. तेल जुने झाले, किंवा घाट चढून आल्या आल्या गाडी बंद केली, तर तापलेल्या भागात ते करपते आणि कढईच्या बुडासारखा थर धरते. बारीक नळी बुजते आणि टर्बो उपाशी मरतो. आमच्या गल्लीतले मिस्त्री म्हणतात, "साहेब, घाट चढून आलात की लगेच चावी फिरवू नका. एक मिनिट तिला दम खाऊ द्या." इंजिनियरिंगचे एक प्रकरण या वाक्यात आले.

म्हणून माझ्या बेतात चार गोष्टी पक्क्या आहेत. पहिली, पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच ऑइल, 'त्याच्यासारखेच' नव्हे. दुसरी, फिल्टर आणि चेंबरच्या नटाचा वायसर दरवेळी नवा. तिसरी, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचे नाही. खाली भक्कम स्टँड हवेत. विमा काढलेला आहे, पण म्हणून तो वापरून बघायचा नाही. चौथी, नवे तेल भरल्यावर इंजिन जागच्या जागी हळू चालू द्यायचे, टर्बोपर्यंत तेल पोचेतो ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. आणि डिझेलचे ऑइल दोन दिवसांत काळे झाले म्हणून घाबरायचे नाही. काजळी पोटात घेणे हेच त्याचे काम आहे. मुदत ठरवते ते किलोमीटर आणि कॅलेंडर, रंग नव्हे.

एवढे झाल्यावर प्रश्न उरतो जुन्या तेलाचा. १९६३ साली 'पॉप्युलर सायन्स' या अमेरिकन मासिकाने वाचकांना सल्ला दिला होता की अंगणात खड्डा खणा, खडी भरा आणि जुने ऑइल त्यात ओता. पुढच्या खेपेपर्यंत जिरून जाईल. जिरले खरे, पण गेले कुठे? खाली विहिरीचे पाणी असते. एक गॅलन जुने ऑइल दहा लाख गॅलन पाणी नासवू शकते, असे अमेरिकेचेच पर्यावरण खाते आता सांगते. आपल्याकडेही काळे ऑइल दारांना, कुंपणाच्या खांबांना, सेंट्रिंगच्या प्लेटांना फासतात आणि उरलेले गटारात सोडतात. आपल्या सरकारने जुने तेल घातक कचऱ्यात धरले आहे. ते परत गोळा करून शुद्ध करवण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्यांवरही टाकली आहे. पण गाडीखाली पालथे पडलेल्या माणसाच्या हातातला डबा तर सरकार धरायला येत नाही.

मी एक वही केली आहे. डावीकडे जमा : तारीख, किलोमीटर, नवे तेल किती लिटर. उजवीकडे नावे : जुने किती निघाले आणि कुणाकडे दिले. बंद डब्यातून ते मिस्त्रींच्या पिंपात जाणार, तिथून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे. दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. कमी निघाले तर एक तर इंजिन तेल खाते आहे, किंवा ते आमच्या फरशीवर आहे. दुसऱ्या शक्यतेची तपासणी सौभाग्यवतींकडे सोपवली आहे. ते खाते त्या रोजच्या रोज तपासतात.