मुक्कामाची सोय

घरी पाहुणा यायचा असला की आदल्या दिवशी उशांचे अभ्रे बदलले जातात, गादी उन्हात टाकली जाते, तांब्याभांडे घासून ठेवले जाते. पाहुणा येतो, सुखाने झोपतो आणि निघून जातो. अभ्रे कोणी बदलले याची त्याला दाद नसते, आणि ती असावी अशी आपली अपेक्षाही नसते. कचेऱ्यांतही अगदी असेच एक काम आहे. साहेब दौऱ्यावर निघाले की त्यांनी कोणत्या गावी, कोणत्या हॉटेलात, किती रात्री उतरायचे हे ठरवून तेथे खोली राखून ठेवणे, हे ते काम. मी फोर्टमधील एका कचेरीत 1968 सालापासून तीस वर्षे ते केले. हॉटेले बांधणाऱ्यांचा इतिहास पुष्कळ ठिकाणी लिहिलेला आहे. त्या हॉटेलांतील खोल्या दुसऱ्यासाठी मागणाऱ्यांचा इतिहास मात्र क्वचितच वाचायला मिळतो. तो थोडक्यात आपल्या मंडळाच्या भगिनींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

पूर्वी व्यापारासाठी परगावी जाणाऱ्याला हॉटेलाची गरज फारशी पडत नसे. तो नात्यागोत्याच्या माणसाकडे, आपल्या अडत्याकडे किंवा धर्मशाळेत उतरे. आगाऊ सूचना म्हणजे एखादे पत्र, तेही वेळेवर पोहोचले तर! रेल्वे आली, व्यापार वाढला, आणि ज्या गावी आपले कोणी नाही अशा गावी लोकांना मुक्काम करावा लागू लागला. मुंबईत 1871 साली वॉटसन हॉटेल सुरू झाले आणि 1903 च्या डिसेंबरात जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल उघडले. मराठी मंडळींना अधिक जवळचे वाटे ते क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह. लोकमान्य टिळक मुंबईस आले की तेथे उतरत, आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच.

प्रवासी एकीकडे आणि त्याची सोय लावणारा दुसरीकडे, ही पद्धत रूढ करण्यात विलायतेतील थॉमस कुक यांच्या कंपनीचा मोठा वाटा होता. या कंपनीने 1868 साली हॉटेलची कुपने काढली. प्रवाशाने निघण्यापूर्वी पैसे भरून कुपने घ्यावीत, परगावी हॉटेलवाल्याला ती द्यावीत, आणि हॉटेलवाल्याने आपले पैसे कुककडून वसूल करावेत, असा तो व्यवहार. आज कंपनी परस्पर बिल भरते आणि साहेब नुसती सही करून निघतात. त्या सोयीची ही आजीच म्हणायची!

कुपन हातात असले तरी खोली रिकामी हवी, आणि ती रिकामी ठेवण्यासाठी निरोप लवकर पोहोचायला हवा. ते काम तारेने केले. आपल्याकडे 1855 साली तारखाते सर्वसामान्य जनतेसाठी खुले झाले. तारेला पैसे शब्दांवर पडत, म्हणून जो तो शब्द वाचवू पाही. हॉटेलवाल्यांनी तर यासाठी एक सांकेतिक भाषाच ठरवून घेतली होती, आणि ती प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांतून छापली जाई. ‘अल्बा’ म्हणजे एका पलंगाची एक खोली, ‘अरब’ म्हणजे दोन पलंगांची एक खोली, ‘पास’ म्हणजे मुक्काम एकच रात्र, आणि ‘अनुल’ म्हणजे आधी मागितलेली खोली रद्द. गृहस्थ सहकुटुंब येणार की एकटा, हे सारे एका शब्दात सामावत असे. त्या शब्दातले एक अक्षर चुकले तर काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आरंभी ही पत्रे आणि तारा लिहिणारे पुरुष कारकून असत. पिटमनचे लघुलेखन 1837 पासून होते आणि रेमिंग्टनचे टंकयंत्र 1874 साली बाजारात आले. त्या यंत्राबरोबर पाश्चात्य देशांत स्त्रिया कचेरीत शिरल्या. मुंबईत 1900 साली दावर कॉलेज निघाले आणि कचेरीच्या कामाचे रीतसर शिक्षण मिळू लागले. आपल्या शहरातील कचेऱ्यांत आरंभी पारशी, अँग्लो-इंडियन आणि गोव्याकडच्या ख्रिस्ती मुली टंकलेखिका म्हणून दिसत. मराठी घरांतील मुली त्यांच्यामागून आल्या. 1955 साली गोदरेजने देशी टंकयंत्र तयार केले. माझी उमेदवारी त्याच यंत्रावर झाली.

आमच्या वेळी एका दौऱ्याची तयारी म्हणजे आठवडाभराचे काम असे. प्रथम हॉटेलला पत्र, दोन प्रतींसह. उत्तर न आल्यास तार. तारेलाही उत्तर नाही तर ट्रंक कॉल. ट्रंक कॉल नोंदवून फोनपाशी बसून राहावे लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार, आणि घाई तितका दाम. मध्यस्थाशिवाय परगावी फोन लावण्याची सोय देशात प्रथम 1960 साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये झाली, पण ती सगळीकडे पोहोचायला फार वर्षे गेली. 1963 पासून देशात टेलेक्स आला. ज्या हॉटेलात टेलेक्स असेल त्याच्याकडून छापील होकार हाती येई, आणि छापील होकारासारखे समाधान दुसरे नाही.

या कामातला सर्वांत मोठा धडा मला 1974 साली मिळाला. आमचे साहेब परगावी निघाले होते. हॉटेलचे होकारपत्र माझ्या फायलीत होते, त्यामुळे मी निश्चिंत होते. गाडी पाच तास उशिरा पोहोचली. साहेब रात्री अकराला हॉटेलात गेले, तो त्यांची खोली दुसऱ्याला दिलेली! आगाऊ पैसे भरलेले नसतील तर संध्याकाळी सहापर्यंतच खोली राखायची, असा हॉटेलांचा रिवाज होता, आणि मला तो ठाऊक नव्हता. साहेबांना दम्याचा विकार. ती रात्र त्यांनी स्टेशनवरच्या बाकावर काढली. परत आल्यावर ते मला एका शब्दानेही रागे भरले नाहीत, पण दोन दिवस त्यांचा खोकला काचेच्या दारातून मला ऐकू येत होता. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पत्रात एक ओळ कायम झाली: ‘पाहुणे उशिरा पोहोचण्याचा संभव आहे, खोली राखून ठेवावी, एका रात्रीचे भाडे सोबत पाठविले आहे.’ आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा विचारायचे, हाही नियम झाला.

तिकडे अमेरिकेत या कामासाठी यंत्रे आली होती. शेरेटन हॉटेलांनी 1958 साली आणि हॉलिडे इनने 1965 साली खोल्यांच्या नोंदणीची स्वयंचलित व्यवस्था सुरू केली. एका गावातून दुसऱ्या गावातील रिकामी खोली तत्काळ कळू लागली. आमच्याकडे मध्ये फॅक्स आला, मग संगणक आला. ज्या तारेने ही सारी सुरुवात केली, ती आपल्या देशात जुलै 2013 मध्ये बंद झाली. पदाचे नावही बदलले. अमेरिकेत 1942 साली स्थापन झालेल्या सेक्रेटरींच्या संघटनेने 1998 साली आपल्या नावातून ‘सेक्रेटरी’ हा शब्द काढून ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोफेशनल्स’ हे शब्द घेतले.

माझी भाची आज हेच काम करते. पडद्यावर पन्नास हॉटेले, त्यांची भाडी, चित्रे आणि गिऱ्हाइकांची मते तिला एका क्षणात दिसतात. पण तिच्या चिंता ऐकल्या की मला नवल वाटते, कारण त्या माझ्याच आहेत. मध्यस्थाकडे नोंदलेली खोली हॉटेलच्या वहीत चढली आहे ना? बिल कंपनीच्या नावाने आणि जीएसटीच्या क्रमांकासह निघेल ना? दौरा रद्द झाला तर पैसे किती बुडतील? एखादी अधिकारी बाई एकटी जाणार असेल तर ती अंधार पडण्यापूर्वी पोहोचेल ना, तिची खोली लांबच्या कोपऱ्यात नाही ना? हे सारे पडदा सांगत नाही. म्हणून आदल्या दिवशी ती हॉटेलला फोन लावते आणि नाव पुन्हा उच्चारून घेते.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ताज आणि ओबेरॉय हॉटेलांवर हल्ला झाला, तेव्हा भाची मुंबईतच नवी नोकरीला लागली होती. कंपनीचे चार पाहुणे त्या दिवशी शहरात होते. कोण कोणत्या हॉटेलात, कोणत्या खोलीत, हे वरिष्ठांपैकी एकालाही नेमके ठाऊक नव्हते. ते तिच्या टिपणवहीत होते, आणि नशिबाने वही घरी आणलेली होती. रात्री दोनपर्यंत ती एकेक क्रमांक फिरवीत होती. चौघेही दुसऱ्या हॉटेलांत सुखरूप होते. चौथ्याचा आवाज ऐकल्यावर तिने फोन ठेवला आणि मग तिला रडू आले. बिले तपासण्यासाठी ठेवलेली वही माणसे शोधण्यासाठी अशी उपयोगी पडली. तेव्हापासून आज रात्री आपले कोण कोठे झोपले आहे, याची यादी ती रोज घरी नेते.

तारेपासून पडद्यापर्यंत साधने किती बदलली! पण आपण कधीही न पाहिलेल्या खोलीत दुसऱ्या कोणाला निर्धास्त झोप लागावी म्हणून पुन्हा एकदा विचारून खात्री करून घ्यायची, हा या कामाचा गाभा जसाच्या तसा आहे. आपल्या मंडळाची सहल निघते तेव्हा भक्तनिवासाला तीन-तीनदा फोन करणाऱ्या आपल्या चिटणीसबाईंना आपण ‘किती ती काळजी!’ म्हणून हसतो. पुढच्या सहलीला रात्री गाडीतून उतरल्यावर खोल्यांच्या किल्ल्या तयार मिळाल्या, तर सामान आत नेण्यापूर्वी त्यांना दोन शब्द चांगले बोलावेत, एवढीच भगिनींना विनंती.