अरैखिक फोनॉनिकी

तीव्र अवरक्त प्रकाशाच्या स्पंदाने स्फटिकातील अणूंना ठरावीक रीतीने कंप पावायला लावून, त्या कंपनांकरवी इलेक्ट्रॉनांचे वर्तन बदलण्याची भौतिकीतील पद्धती. स्फटिक-जालकाच्या कंपनाच्या पुंजाला फोनॉन म्हणतात. ही पद्धती मुख्यतः क्वांटम पदार्थांवर वापरतात. त्यांतील इलेक्ट्रॉनांची परस्परांवरील पकड घट्ट असते आणि निरोधक, धातू, चुंबक, अतिवाहक अशा अवस्था एकमेकींच्या अगदी शेजारी नांदतात. थोड्या धक्क्यानेही पारडे फिरते.

इलेक्ट्रॉनांवर थेट दृश्य प्रकाश टाकता येतोच. पण त्याच्या फोटॉनाची ऊर्जा दोन ते तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. तेवढ्याने इलेक्ट्रॉन वरच्या पातळ्यांवर फेकले जातात, पदार्थ तापतो, आणि घडले ते प्रकाशाने की उष्णतेने हे सांगणे अवघड होते. जालक-कंपनाला ०.०७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासची ऊर्जा पुरते.

प्रकाशाच्या विद्युत् क्षेत्रात धन व ऋण आयन विरुद्ध दिशांना ओढले जातात. प्रकाशाची वारंवारता त्यांच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली की आयाम वाढत जातो. साध्या कंपनात आयन जितका पुढे तितकाच मागे जातो, त्यामुळे त्याची सरासरी जागा ढळत नाही. खरी गोम आयाम मोठा झाल्यावर कळते. अणूंमधील बल मग विस्थापनाच्या सरळ प्रमाणात राहत नाही, आणि उत्तेजित कंपन स्वतःच्या आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात जालकाला दुसऱ्याच एका कंपनाच्या दिशेने सरकवून धरते. कंपन टिकेल तोवर स्फटिकाची ठेवणच निराळी असते. 'आयनी रामन प्रकीर्णन' या नावाने ही कल्पना १९७० च्या दशकातच मांडली गेली होती, पण पुरेसे तीव्र अवरक्त लेसर नसल्याने ती कागदावरच राहिली. आंद्रेआ काव्हालेरी यांच्या गटाने २०११ मध्ये ती लँथॅनम-स्ट्राँशियम मँगनाइटात प्रत्यक्ष दाखवली.

त्याआधी २००७ मध्ये याच गटाने प्रॅसिओडिमियम-कॅल्शियम मँगनाइटातील मँगनीज-ऑक्सिजन बंध १७ टेराहर्ट्‌झच्या कंपनाने ताणला होता. मँगनिजाच्या एका अणूवरून दुसऱ्यावर जाताना इलेक्ट्रॉनाला मधल्या ऑक्सिजनावरून जावे लागते आणि त्या बंधांचा कोन व लांबी यांवर वाट सोपी की बिकट हे ठरते. निरोधक असलेला हा पदार्थ क्षणात धातूसारखा वागू लागला. रोधकता सुमारे लाखपट घटली.

सर्वांत गाजलेले आणि सर्वांत वादग्रस्त प्रयोग अतिवाहकतेचे. पोटॅशियम फुलराइड २० केल्व्हिनखाली अतिवाहक असते. २०१६ मध्ये अवरक्त स्पंद दिल्यावर १०० केल्व्हिनपर्यंत त्याचा प्रकाशीय प्रतिसाद अतिवाहकासारखा आढळला. यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडात तर तसे संकेत खोलीच्या तापमानालाही नोंदले गेले, मात्र अवघे काही पिकोसेकंद. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये फुलराइडावरील निष्कर्षांना हरकत घेतली: प्रकाशाचा शोषण-प्रतिसाद संपृक्त होतो हे हिशेबात न धरल्यास अतिवाहकतेचा आभास निर्माण होऊ शकतो. हा आक्षेप क्षुल्लक नाही. हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतील काव्हालेरी गटाने २०२४ मध्ये यिट्रियम संयुगातून, अतिवाहकात होते तसे, चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलले जात असल्याचे मापन प्रसिद्ध केले. केवळ प्रकाशीय मापनापेक्षा हा पुरावा वजनदार आहे, पण वाद त्याने मिटलेला नाही.

कंपने वर्तुळाकारही असू शकतात. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात २०२३ मध्ये सेरियम फ्लुओराइडातील अणू प्रकाशाने गोलगोल फिरवले असता इलेक्ट्रॉनांच्या परिवलनांवर एक टेस्लाच्या घरातील चुंबकीय क्षेत्रासारखा परिणाम झाला.

टिकाऊपणात स्ट्राँशियम टायटॅनेट आघाडीवर आहे. एरवी अतिशीत तापमानालाही लोहविद्युत् (म्हणजे आपोआप विद्युत् ध्रुवण धारण करणारा) न होणारा हा स्फटिक २०१९ मधील प्रयोगात अवरक्त प्रकाशाने तसा झाला, आणि लेसर बंद केल्यावरही ही अवस्था काही तास टिकली.