माणूस जेलात असेल तर भेट कशी घ्यायची, पत्र कसं टाकायचं?

धाराशिव जिल्ह्यातला माणूस आत गेला की घरचे एसटी धरून थेट जेलच्या दारात जातात अन् बऱ्याचदा हात हलवत परततात. आधी तो कुठं ठेवलाय ते वकिलाकडून पक्कं करा. मोठी शिक्षा लागली की हर्सूल, येरवड्यासारख्या मध्यवर्ती कारागृहात हलवलं जातं. भेटीला मूळ आधार कार्ड न्या. मोबाईल आत नेता येत नाही. ई-प्रिझन संकेतस्थळावर ‘ई-मुलाकात’ नोंदवून व्हिडिओ भेटही मागता येते, मंजुरी कारागृहाची लागते. त्यात दिवसाची मजुरी अन् गाडीभाडं तरी वाचतं.

पत्रावर बंद्याचं पूर्ण नाव, बंदी क्रमांक, कारागृह अन् पिनकोड (येरवडा ४११००६) लिहा. पत्र अधिकारी वाचतात, म्हणून केसची गोष्ट त्यात नको. ती वकिलापाशीच बोला. पेरणी, आईची तब्येत, पोरांची शाळा मात्र सविस्तर लिहा.