मुक्काम पोस्ट ०९०५

संगणकावर ‘अहेरी’ हे गावाचं नाव टाइप केलं की पडद्यावर तीन अक्षरं उमटतात, पण यंत्राच्या खात्यात पाच नोंदी होतात: ०९०५, ०९३९, ०९४७, ०९३०, ०९४०. म्हणजे अ, ह, एकाराची मात्रा, र आणि दुसरी वेलांटी. हे युनिकोड या जागतिक अक्षर-तक्त्यातले क्रमांक आणि ते षोडशमान, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीतले. नऊनंतर ए ते एफ ही रोमन अक्षरं अंकांचं काम करतात. ०९०५ म्हणजे आपले २३०९.

सोळाच का? चार बिटांच्या सोळा जुळण्या होतात, म्हणून आठ बिटांची बाइट दोन अंकांत मावते. आयबीएमची सिस्टिम/३६० मालिका १९६४ साली आली आणि मेमरीचे पत्ते असे लिहिण्याची रीत रुजली. गंमत म्हणजे सोळा आण्यांचा रुपया आपण १९५७ सालीच मोडीत काढला होता!

भारतीय लिप्यांची मांडणी मात्र इथलीच. ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीने ब्राह्मीतून निघालेल्या लिप्या एकाच तक्त्यात बसवल्या. एका उच्चाराच्या अक्षराला सगळीकडे एकच जागा. इस्कीचा १९८८चा आराखडा युनिकोडने १९९१ साली उचलला आणि प्रत्येक लिपीला १२८ घरांची वेगळी आळी दिली. देवनागरीची ०९०० पासून, तेलुगूची ०सी०० पासून. प्राणहिता नदीपलीकडे तेलंगण असल्याने अहेरी भागात तेलुगूही सर्रास कानी पडते. तिचा ‘अ’ ०सी०५ वर, ‘ह’ ०सी३९ वर. मराठी अक्षराच्या क्रमांकात षोडशमान पद्धतीतले ३०० मिळवा, तेलुगू अक्षर हाती येतं.

याच मुलखातल्या गोंडीच्या वाट्याला ही शेजारची जागा आली नाही. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली तिच्यासाठी लिपी तयार केली. युनिकोडमध्ये ती २०१७ साली आली, आदिलाबादकडची गुंजाला गोंडी २०१८ साली. तोवर चार अंकी क्रमांकांच्या पट्ट्यात भारतीय लिप्यांच्या आळीला लागून जागा उरली नव्हती. मसराम गोंडी ११डी०० पासून सुरू होते, म्हणजे एफएफएफएफची वेस ओलांडून.

या पाचव्या अंकाची किंमत मोजावी लागते. हे क्रमांक साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं चिन्ह तीन बाइटांत बसतं. गोंडीला चार लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या ‘यूटीएफ८’ मांडणीत तीनच बाइटांची सोय होती. चार बाइटांची मांडणी २०१० साली आली खरी, पण ती मुद्दाम निवडावी लागे. जुन्या मांडणीवर चालणाऱ्या नोंदवहीत अहेरीच्या माणसाचं नाव मराठीत चढतं, तेलुगूतही चढतं. मसराम लिपीत लिहिलं तर अडतं.