निर्जन प्रदेशातील समेट : उत्तर अमेरिकी प्रेमकादंबरीचा एक प्रवाह

कॅनडाचा उत्तर भाग आणि अलास्का यांच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या लोकप्रिय प्रेमकादंबऱ्यांत एक कथाबंध वारंवार आढळतो : घराशी फारकत घेतलेले माणूस जेथे रस्ता पोहोचत नाही अशा ठिकाणी जाते, तेथे प्रेम जुळते, आणि त्या प्रेमाच्या ओघात बापलेकांचे किंवा भावाभावांचे जुने वैर मिटते. अरण्यामुळे प्रेमकथेला शोभा येते हे खरे; परंतु कौटुंबिक समेटाला अरण्य जे पुरवते ते अधिक व्यावहारिक आहे. शहरात रुसलेला माणूस दार आपटून चालता होऊ शकतो, तर बर्फाने वाटा बुजल्या असतील आणि विमान येण्यास अवकाश असेल, तेव्हा त्याला त्याच छपराखाली बसून बोलणे भाग पडते.

या कथाबंधाचे आरंभीचे आणि कदाचित सर्वांत सरस उदाहरण म्हणजे लुसी मॉड माँटगोमेरी यांची १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द ब्लू कॅसल’ ही कादंबरी होय. माँटगोमेरी यांचे बहुतेक लेखन प्रिन्स एडवर्ड बेटावर घडते. या कादंबरीसाठी मात्र त्यांनी ऑन्टारिओ प्रांतातील मस्कोका हा सरोवरांचा आणि दाट वनांचा प्रदेश निवडला, जेथील बाला या गावी त्यांनी १९२२ मध्ये सुटी घालवली होती. एकोणतीस वर्षांची अविवाहित नायिका आपले आयुष्य वर्षभरच उरले आहे अशा समजुतीने जाचक नातेवाइकांचे घर सोडते आणि सरोवरातील बेटावर एकट्या राहणाऱ्या बार्नीशी लग्न करते. बार्नी हा पेटंट औषधांवर, म्हणजे जाहिरातीच्या जोरावर खपणाऱ्या तयार गुटिका आणि मलमांवर, गब्बर झालेल्या कारखानदाराचा दुरावलेला मुलगा असतो, आणि अखेरीस म्हातारा बाप त्याचा माग काढत त्या रानात येऊन पोहोचतो. बापलेकांचा समेट हृद्य आहे; नायिकेच्या नातेवाइकांचा समेट मात्र जावयाच्या बापाची संपत्ती कळल्यावर तत्काळ होतो, आणि लेखिकेने तो उपरोध जराही झाकलेला नाही. पुढच्या कादंबऱ्यांत हा तिखटपणा क्वचितच उरला.

या प्रकाराला व्यापारी रूप ज्या संस्थेने दिले तिची स्थापना विनिपेग येथे १९४९ मध्ये झाली. हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेचे संस्थापक रिचर्ड बॉनिकॅसल पूर्वी केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीच्या नोकरीत होते आणि पश्चिम आर्क्टिकमधील तिच्या ठाण्यांवर त्यांनी प्रत्यक्ष प्रवास केला होता. त्या प्रवासाच्या त्यांच्या रोजनिश्या १९८४ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या. असा माणूस उत्तरेच्या कथा छापील असे वाटावे, परंतु हार्लेक्विनने आरंभी रहस्यकथांसह सर्व प्रकारच्या पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या काढल्या, आणि १९५७ पासून लंडनच्या मिल्स अँड बून या संस्थेच्या डॉक्टर-परिचारिकांच्या प्रेमकथा पुनर्मुद्रित केल्या. या कथांची निवड करण्यात बॉनिकॅसल यांच्या पत्नी मेरी यांचा मोठा वाटा होता. रान ज्यांनी पाहिले होते त्यांनी इस्पितळ विकले. ज्या वाचकांच्या घरासमोर बर्फ साचत होता त्यांना कदाचित तेच दूरचे आणि मोहक वाटले असावे. १९७१ मध्ये हार्लेक्विनने मिल्स अँड बून ही संस्थाच विकत घेतली.

उत्तर अमेरिकी भूमी या पुस्तकांत ठळकपणे आली ती जेनेट डेली यांच्यासारख्या अमेरिकी लेखिकांमुळे; डेली यांनी संयुक्त संस्थानांतील प्रत्येक राज्यावर एकेक कादंबरी लिहिली. डेबी मॅकोम्बर यांची १९९५-९६ मधील ‘मिडनाइट सन्स’ ही मालिका आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेकडील ‘हार्ड लक’ नावाच्या काल्पनिक वस्तीत घडते. तेथे छोट्या विमानांची वाहतूक चालवणारे भाऊ वैमानिक टिकावेत म्हणून स्त्रियांना नोकरी, लाकडी घर आणि जमिनीचा तुकडा देऊ करून बोलावतात. रस्ते आणि दूरध्वनी जसजसे उत्तरेकडे सरकत गेले, तसतसे कादंबरीलाही आपले कथास्थळ मस्कोकाच्या सरोवरांपासून आर्क्टिकपर्यंत मागे रेटावे लागले, कारण ज्याला केव्हाही निघून जाता येते त्याच्यावर समेट लादता येत नाही.

या कादंबऱ्यांचा खरा दोष प्रदेश निर्मनुष्य मानण्यात आहे, कारण तो तसा कधीच नव्हता, आणि तेथील कुटुंबे जुळण्या-तुटण्याचा सर्वांत मोठा इतिहास बॉनिकॅसल ज्या व्यापारात होते त्याच व्यापाराचा आहे. कातड्यांचे युरोपीय व्यापारी मूलनिवासी स्त्रियांशी ‘देशरीतीचा विवाह’ करीत, म्हणजे धर्मगुरूशिवाय, वधूच्या घरच्यांच्या संमतीने आणि त्यांना भेटवस्तू देऊन. अशा विवाहामुळे व्यापाऱ्याला शिकाऱ्यांशी सोयरीक मिळे, तसेच बर्फात चालण्याच्या जाळीदार पादुका विणणारी, सुके मांस टिकवणारी आणि दुभाष्याचे काम करणारी सहचारिणी मिळे. परंतु नोकरी संपताच तिला मागे सोडून जाणारेही बरेच असत.

विल्यम कॉनोली हे पुढे हडसन बे कंपनीत विलीन झालेल्या नॉर्थ वेस्ट कंपनीचे नोकर होते. त्यांनी १८०३ मध्ये क्री जमातीच्या सुझान यांच्याशी असाच विवाह केला, अठ्ठावीस वर्षे संसार केला आणि १८३१ मध्ये त्यांना मुलांसह पूर्वेकडे आणले. पुढच्याच वर्षी मात्र चर्चच्या विधीने ज्युलिया वूलरिच या नात्यातील स्त्रीशी लग्न केले. सुझान यांची रवानगी कालांतराने रेड रिव्हर वसाहतीतील मठात झाली, आणि तेथेच १८६२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. दरम्यान त्यांची मुलगी अमेलिया ब्रिटिश कोलंबियाचे गव्हर्नर जेम्स डग्लस यांची पत्नी म्हणून व्हिक्टोरिया येथील प्रतिष्ठित समाजात वावरत होती. थोरल्या मुलाने वडिलांच्या मालमत्तेत आईच्या हक्काचा वाटा मागितला, तेव्हा मॉन्ट्रियलच्या न्यायालयाने १८६७ मध्ये क्री रीतीचा विवाह कायदेशीर ठरवला आणि अपिलातही तो निर्णय टिकला. वूलरिच पक्षाने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे साम्राज्याच्या अंतिम अपील न्यायपीठाकडे, दाद मागितली होती. सुनावणीपूर्वीच दोन्ही बाजूंनी आपसांत तडजोड केली.