शब्दाला किती पैसे?

पूर्णा हे रेल्वेचं गाव. इथे 'कमाई' म्हटलं की पहिल्या तारखेला खात्यात पडणारा पगारच डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे गावातली शिकलेली मुलं-मुली मला विचारतात, "सर, ऑनलाइन लिहून महिन्याला किती सुटतील?" तेव्हा त्यांना एक आकडा हवा असतो. व्हिडिओवाल्यांनी त्यांना तीस-चाळीस हजार सांगितलेले असतात. प्रत्यक्षात मराठीत लिहिणाऱ्या नवख्याला शब्दामागे पंधरा, वीस, फार तर तीस पैसे देऊ केले जातात, असं त्यांच्याच तोंडून ऐकतो. वीस पैशांनी पाचशे शब्दांचे शंभर रुपये होतात. माहिती शोधून, तपासून, नीट लिहायचं तर अर्धा दिवस जातो. महाराष्ट्रात रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे असे दोन लेख लिहूनही हमीच्या कामाइतके पैसे होत नाहीत.

हे ऐकून पोरं नाराज होतात. मग मी त्यांना थोडा इतिहास सांगतो.

आपला हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 1884 नंतर तिथला कारभार फारसीऐवजी उर्दूत चालू लागला. शेतकरी मराठी बोलणारा, कचेरीचं कागद उर्दू. त्या दोघांच्या मध्ये बसलेला अर्जीनवीस अर्ज लिहून द्यायचा आणि पैसे हातावर घ्यायचा. उर्दू छापखान्यातल्या कातिबाचंही तसंच. संगणक येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्रं हातानेच लिहिली जात, आणि कातिबाला पानाच्या हिशेबाने मजुरी मिळे. त्याच पानावर ज्याची गझल असे, त्याला बहुतेक वेळा नुसतं नाव छापून आल्याचं समाधान.

याचं फार जुनं उदाहरण कैरोत सापडतं. इब्न अल-हैसम हा बसऱ्याचा गणिती, प्रकाशशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. खलिफा अल-हाकिम 1021 मध्ये नाहीसा झाल्यावर तो अल-अझहरजवळ राहिला. तो पोट कसं भरायचा, हे इब्न अल-किफ्ती या चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे. युक्लिडची भूमिती, टॉलेमीचा 'अल्माजेस्ट' आणि त्यांच्या मधल्या अभ्यासाचे काही ग्रंथ यांची एकेक प्रत तो दरवर्षी स्वतःच्या हाताने उतरवायचा. त्याचे 150 दिनार मिळायचे. दर ठरलेला, घासाघीस नाही, आणि त्यावर वर्ष निघायचं. एवढा मोठा विद्वान, पण चूल पेटायची ती दुसऱ्यांचे ग्रंथ नकलून. मला त्यात कमीपणा वाटत नाही. त्याला वर्षाचा खर्च माहीत होता आणि दरही, म्हणून उरलेला वेळ त्याचा स्वतःचा होता.

गालिबची गोष्ट याच्या उलट आहे, आणि मुलांना ती जास्त पटते, कारण तिच्यात उधारी आहे.

काकांच्या वारसाहक्कातून गालिबला महिना 62 रुपये 8 आणे पेन्शन होती. ती वाढावी म्हणून तो थेट कलकत्त्यापर्यंत गेला, वर्षानुवर्षं अर्ज करत राहिला. हाती काही लागलं नाही. 1850 मध्ये बहादूरशाह जफरने त्याला तैमूरी घराण्याचा इतिहास फारसीत लिहिण्याचं काम दिलं. मोबदला वर्षाला 600 रुपये, म्हणजे महिना 50. आजच्या भाषेत कंत्राटी लेखन. दर वाईट नव्हता. अडचण वेगळीच होती: पैसे सहा महिन्यांनी एकदा मिळायचे. घरात खर्च रोजचा, म्हणून सावकाराकडून व्याजाने उचल घ्यावी लागे. शेवटी गालिबने बादशाहाला काव्यातच अर्ज केला, की पगार दरमहा करा, माझ्या पगारात तिसऱ्या हिश्श्याचा भागीदार सावकार झाला आहे. उर्दूतल्या सर्वात मोठ्या कवीने थकीत बिलाचा तगादा कवितेत केला, हे मला फार आवडतं. त्या इतिहासाचा पहिला भाग, 'मेहर-ए-नीमरोज', पूर्ण झाला. दुसरा लिहिलाच गेला नाही. 1857 ने दरबारच संपवला. 1859 पासून रामपूरच्या नवाबाने महिना 100 रुपये सुरू केले, तेव्हा गालिब साठीला आला होता.

मराठीत त्याच काळात दक्षिणा प्राइज कमिटी लेखकांना बक्षिसं देत होती. पेशव्यांच्या दक्षिणेतला काही पैसा 1851 पासून मराठी पुस्तकांकडे वळवला गेला होता. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये 'तृतीय रत्न' नाटक तिथे पाठवलं. कमिटीने ते नाकारलं आणि त्यांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. पैसे देणारा हात कोणाचा आहे, यावर काय लिहून घेतलं जाईल हेही ठरतं. ऑनलाइन लिहिणाऱ्यांनाही हे लवकरच कळतं.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे, आणि लिहिणाऱ्याला त्रास होऊ नये हेही तिथेच आहे. भाड्याच्या आणि मजुरीच्या कराराला फिकहमध्ये 'इजारा' म्हणतात. त्यात काम काय आणि उजरत किती, हे आधी ठरलेलं असावं लागतं. नाहीतर करार सदोष ठरतो. "आधी लिहून पाठव, मग बघू" म्हणणाऱ्या ग्राहकाला हे ऐकवता येत नाही, पण आपल्याला माहीत असावं.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगतो: पहिले सहा महिने घरखर्च लेखनावर टाकू नका. महिन्याला दोन-तीन हजार आले तरी ती सुरुवात ठीक समजा. शिकवणी असेल तर चालू ठेवा, दुकान असेल तर उघडा. इंग्रजी, उर्दू किंवा हिंदीतून मराठीत भाषांतर येत असेल तर आधी ते काम मागा. नव्या अर्जीनविसाला तेच लवकर मिळतं. दर, शब्दसंख्या आणि पैसे मिळण्याची तारीख या तिन्ही गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या. नव्या ग्राहकाचं दुसरं काम पहिल्याचे पैसे आल्यावरच हातात घ्या. आणि हिशेब करताना मधल्या दलालाचा वाटा वजा करा. फायव्हर 20 टक्के ठेवून घेतं, हजारातले आठशे तुमचे. गालिबच्या सावकारापेक्षा तेवढंच बरं.